चार एकर कोरडवाहू की दोन एकर ओलित? सरकारी अनुदानातून जमीन मिळवताना

“एकरी आठ लाख आमच्या खात्यात कधी पडतात?” “जमीन आम्हीच शोधायची की सरकार दाखवणार?” “सासऱ्याच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव चढलंय, तरी अर्ज चालेल का?” भंडारा जिल्ह्यात पवनीपासून तुमसरपर्यंत कुठल्याही गावात भूमिहीनांच्या जमीन खरेदी योजनेचा विषय निघाला की हेच तीन प्रश्न पुढे येतात. सोबत एखादा माणूस ‘मी तुमचं काम करून देतो’ म्हणत दारात उभा असतोच. म्हणून आज फक्त कामाचे बोलू. पैसे कोणाला मिळतात, अटी कोणत्या, जमीन कशी पारखायची आणि मिळाल्यावर ती राखायची कशी, एवढेच.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या योजनेत तुम्हाला रक्कम नाही, जमीन मिळते. ती एकदाच मिळते आणि पुढे विकता येत नाही. अनुदानाचा आकडा कितीही मोठा असला तरी पाणी न धरणारी, वाट नसलेली किंवा कागदावर अडकलेली जमीन घरी आली तर ती बदलून घेण्याची सोय नाही. तेव्हा चौकशी करायची ती सही करण्याआधीच.

योजना नेमकी कोणती?

नाव आहे कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने ती २००४ साली सुरू केली. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज असे. ऑगस्ट २०१८ च्या शासन निर्णयाने कर्जाचा भाग गेला आणि अनुदान १०० टक्के झाले. ‘दहा वर्षे हप्ते भरावे लागतात’ असे कुणी सांगत असेल, तर तो जुन्या नियमाबद्दल बोलतो आहे.

ज्या दादासाहेबांचे नाव योजनेला आहे, त्यांनी १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह उभारला होता. मागणी होती सरकारी पडीक जमिनी वाटण्याची. आजची योजना त्याहून वेगळी आहे. इथे सरकार खासगी मालकाकडून जमीन विकत घेते. त्यामुळे गायरानावरचे अतिक्रमण नियमित करण्याशी या योजनेचा काही संबंध नाही. तो अर्ज वेगळा, हा वेगळा.

काय मिळते?

- चार एकरांपर्यंत कोरडवाहू (जिरायत) किंवा दोन एकरांपर्यंत ओलिताची (बागायत) जमीन. दोन्ही मिळून नाही.
- दराची कमाल मर्यादा : कोरडवाहू एकरी ५ लाख, ओलित एकरी ८ लाख. म्हणजे एका कुटुंबामागे कोरडवाहूला जास्तीत जास्त २० लाख आणि ओलिताला १६ लाख.
- खरेदीची रक्कम जमीनमालकाला दिली जाते. ती तुमच्या खात्यात येत नाही.
- जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते. विधवा किंवा परित्यक्ता बहिणींच्या बाबतीत ती त्यांच्याच नावे होते.

हे ५ आणि ८ लाख म्हणजे ठरलेला भाव नव्हे, ती वरची हद्द आहे. जिल्हास्तरीय समितीने आधी रेडीरेकनरच्या दराने जमीन मागायची. मालक तयार नसेल तर वाटाघाटी करून दर २० टक्क्यांनी वाढवायचा, तरीही जमला नाही तर पुन्हा २० टक्क्यांच्या पटीत, असे करत १०० टक्क्यांपर्यंत जाता येते. समजा, कोरडवाहूचा रेडीरेकनर एकरी ३ लाख आहे. मग बोलणी ३ लाख ६० हजार, ४ लाख २० हजार, ४ लाख ८० हजार अशी चढतील आणि तिथेच थांबतील, कारण पुढची पायरी ५ लाखांच्या हद्दीबाहेर जाते. ‘सरकार पाच देतेच, मग पाचच सांगू’ असे मालकाने ठरवले तरी समिती तेवढे देईलच असे नाही.

कोण पात्र, कोण नाही?

तुमच्या बाबतीत पुढच्या सगळ्या गोष्टी लागू पडायला हव्यात :

- अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध कुटुंब
- दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव
- भूमिहीन शेतमजूर
- वय १८ ते ६० वर्षे

विधवा, परित्यक्ता आणि अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील अत्याचारग्रस्त कुटुंबे यांना प्राधान्य आहे. या गटात बसत असाल तर त्याचा पुरावा पहिल्या अर्जासोबतच जोडा.

ज्यांना मिळत नाही : महसूल विभागाकडून गायरान किंवा सिलिंगची जमीन आधी मिळालेली कुटुंबे. आजोबांच्या काळी मिळालेला आणि आता घरात कुणी न कसलेला तुकडा असेल, तर तो लपवू नका. तपासणीत तो निघतोच.

आदिवासी बांधवांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी तरतूद आहे. तिच्या अटी आणि कर्ज-अनुदानाचे प्रमाण भंडाऱ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा. समाज कल्याणचा अर्ज तिथे चालत नाही, तिथला इथे चालत नाही. इतर प्रवर्गांतल्या भूमिहीनांना ही योजना लागू नाही. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

‘भूमिहीन’ शब्दाचा गुंता

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली असेल, पण दप्तराच्या दृष्टीने भूमिहीन तोच, ज्याचे नाव कुठल्याही शेताच्या सातबाऱ्यावर नाही.

आपल्याकडे नेहमी असे घडते. बाईचे वडील वारले, भावाने वारस नोंद केली आणि कायद्याप्रमाणे बहिणीचेही नाव सामाईक खातेदार म्हणून चढले. दीड एकरात पाच वाटेकरी, तिच्या वाट्याला कागदावर बारा गुंठे आणि हातात एक पायलीही धान नाही. तरीही तहसीलच्या नोंदीत ती जमीनधारक झाली. अर्ज करण्याआधी नवरा-बायको दोघांच्याही माहेर-सासरच्या गावचे सातबारे आणि आठ-अ उतारे काढून पाहा. ऑनलाइन उतारे सहज मिळतात.

मग कुणी सुचवते, ‘हक्कसोड लिहून दे, लगेच भूमिहीन होशील.’ असे करू नका. हक्कसोडपत्र नोंदले की वडिलांच्या जमिनीवरचा हक्क कायमचा जातो आणि योजनेतली निवड तर चिठ्ठीवर असते. शिवाय अर्जाच्या तोंडावर केलेली हक्कसोड पाहून अधिकारी प्रश्न विचारणारच. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

अर्ज कुठे, कागद कोणते?

अर्ज भंडाऱ्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात करायचा. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष आणि सहायक आयुक्त सदस्य-सचिव असतात. सोबत साधारण हे कागद लागतात :

1. जातीचा दाखला (उपविभागीय अधिकाऱ्यांचा)
2. भूमिहीन शेतमजूर असल्याचा तहसीलदारांचा दाखला
3. दारिद्र्यरेषेखालील यादीतील क्रमांकासह दाखला
4. उत्पन्नाचा दाखला
5. रेशनकार्ड, आधार, वयाचा पुरावा, फोटो
6. प्राधान्य गटाचा पुरावा : पतीच्या मृत्यूचा दाखला, परित्यक्ता असल्याचा दाखला किंवा गुन्ह्याच्या नोंदीची प्रत
7. अटी मान्य असल्याचे हमीपत्र

अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ही एक प्रत नसल्यामुळे पुढच्या सगळ्या तक्रारी हवेत राहतात. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे ना, तेही पाहा. आधारवर एक आडनाव, जातीच्या दाखल्यावर दुसरे आणि रेशनकार्डावर नवऱ्याचेच नाव चुकीचे, अशी जोडी तपासणीत परत येते.

जमीन कशी ठरते?

1. कार्यालय जाहीर आवाहन करून जमीन विकू इच्छिणाऱ्या मालकांकडून प्रस्ताव मागवते.
2. सातबारा, फेरफार, नकाशा आणि बोजा तपासला जातो. जमिनीची स्थळपाहणी होते.
3. वाटाघाटीतून दर ठरतो.
4. ज्या गावात जमीन आहे, त्या गावच्या पात्र भूमिहीनांतून चिठ्ठ्या टाकून निवड होते. गावात लाभार्थी नसेल तर लगतच्या गावांतून, तिथेही नसेल तर तालुक्यातून.
5. खरेदीखत, लाभार्थ्याशी करारनामा, ताबा आणि फेरफार.

‘जमीन आम्हीच शोधायची की सरकार दाखवणार?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. जमीन तुम्ही शोधू शकता, एखाद्या मालकाला ‘समितीकडे प्रस्ताव दे’ म्हणून तयारही करू शकता. गावातून प्रस्तावच गेला नाही तर गावच्या भूमिहीनांचे अर्ज नुसते पडून राहतात, त्यामुळे हे करणे शहाणपणाचेच आहे. पण तीच जमीन तुम्हालाच मिळेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही. म्हणून मालकाला इसार देऊ नका, साठेखत करू नका, ‘वरचे लाखभर रोख दे’ या बोलण्याला भुलू नका. समितीने ठरवलेल्या दरावर एक रुपयाही तुमच्याकडून येणे नसते.

कोरडवाहू की ओलित?

निवड नेहमीच तुमच्या हातात नसते. जी जमीन प्रस्तावात आली तीच पुढे येते. तरी विचारले गेले तर उत्तर तयार असावे.

*ओलिताची दोन एकर* त्या घराला बरी, जिथे कसणारी माणसे दोन-तीनच आहेत आणि पाण्याचा उगम जमिनीतच आहे. पाणी खरे असेल तर पावसाळी धानानंतर भाजीपाला किंवा उन्हाळी पीक निघते आणि मजुरीसाठी नागपूरकडे जाणे थांबते.

*कोरडवाहू चार एकर* तिथे बरी, जिथे मातीच भारी आहे. कन्हार किंवा मोरंडीच्या बांधीत धान कापण्याआधी उतेऱ्याने लाखोळी, जवस टाकता येतो आणि ओल टिकते तोवर दुसरे पीक पदरात पडते. शिवाय पुढे विहिरीचे अनुदान मिळाले तर त्यातली निम्मी जमीन ओलिताखाली येऊ शकते. पण तीच चार एकर बर्डी असेल, म्हणजे लाल मुरमाड, तर पाऊस आठ दिवस ताणला की धान करपते. अशी चार एकर भरवशाच्या दीड एकराचीही बरोबरी करत नाही.

‘ओलित’ हा शब्द सातबाऱ्यावर दिसला म्हणून थांबू नका. पाणी कुठून येते, ते विचारा :

- विहीर : स्वतंत्र की सामाईक? सामाईक असेल तर तुमचा हिस्सा आणि पाळी खरेदीखतात लिहिली पाहिजे. मे महिन्यात तळ पाहा.
- माजी मालगुजारी तलाव : १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले, पण कोणत्या शेताला कोणत्या तलावाचे पाणी, या जुन्या वहिवाटी अजून चालतात. त्यांची नोंद गावच्या वाजिब-उल-अर्जात असू शकते. तिची नक्कल मागा. तुमचे शेत कालव्याच्या तोंडाशी आहे की शेपटीला, तेही पाहा. शेपटीच्या बांधीला पाणी शेवटी पोचते, आणि कमी पावसाच्या वर्षी पोचतच नाही.
- प्रकल्पाचा कालवा : गोसीखुर्द किंवा बावनथडीच्या लाभक्षेत्रात ‘येणार आहे’ म्हणून भाव सांगितला जातो. आज पाणी येते का, एवढेच विचारा.
- बोडी : शेतातली बोडी खरेदीत येते की मालक ती मागे ठेवतो? बोडी शेजाऱ्याच्या गटात असेल तर तिचे पाणी तुमचे नाही.

शेत दोनदा पाहा

एकदा वैशाखात, एकदा आषाढात. उन्हाळ्यात माती वाचता येते. कन्हारीला बोट शिरेल अशा भेगा पडतात, सिहार हातात घेतली तर रेतीसारखी सुटते, खरडीत कुदळ वीतभर गेली की दगडाला लागते. चार कोपऱ्यांत हातभर खड्डे खणून पाहा. मालकाला वाईट वाटले तरी चालेल.

पावसाळ्यात शेत पाणी कसे वागवते ते दिसते. मोठी सर ओसरल्यावर धुऱ्यावरून एक फेरी मारा. वरच्या बांधीतले पाणी कुठून उतरते, कुठला धुरा फुटलेला आहे, खालच्या बांधीत पाणी किती वेळ थांबते ते पाहा. त्याच फेरीत वाटही कळते. सातबाऱ्यावरची चार एकर दुसऱ्याच्या तीन बांध्या तुडवून गाठावी लागत असेल, तर रोवणी झाल्यावर बैलबंडी, ट्रॅक्टर काहीच आत नेता येणार नाही. नकाशावर वहिवाटीची वाट नसेल तर खरेदीआधीच लेखी विचारा. नंतर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण त्यात एखादा हंगाम सहज जातो.

सातबारा असा वाचा

समितीची तपासणी होतेच. तरी तुम्हीही उतारा हातात घेऊन पुढच्या जागा बोटाने दाखवून वाचून घ्या.

- क्षेत्र आणि पोटखराब : चार एकर म्हणजे सुमारे १.६२ हेक्टर. उताऱ्यावर एकूण १.६२ आणि पोटखराब ०.२५ असेल तर लागवडीला उरते १.३७ हेक्टर, म्हणजे तीन एकर पंधरा गुंठे. पोटखराबाचा ‘ब’ वर्ग म्हणजे रस्ता, नाला, कालवा अशा सार्वजनिक कामाखालचे क्षेत्र. ते कधीच तुमच्या कामाचे नाही. दर कोणत्या क्षेत्रावर लावला, हे विचारा.
- भोगवटादार वर्ग : वर्ग १ असेल तर बहुतेक ठीक. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. विदर्भात जुन्या ‘भूमिधारी’ जमिनी वर्ग २ मध्ये आल्या आहेत. ‘भूदान’ असा शेरा असलेली जमीन विकण्याचा मालकाला हक्कच नसतो.
- मालक आदिवासी असेल तर : बिगर-आदिवासीकडे हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते (महसूल संहिता कलम ३६-अ). तीशिवाय झालेली खरेदी पुढे रद्द होऊ शकते.
- इतर हक्क : सेवा सहकारी संस्थेचा किंवा बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, कुळाचे नाव, न्यायालयातला दावा. बोजा असेल तर तो उतरल्याचा फेरफार पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- झुडपी जंगल : पूर्व विदर्भाची ही खास भानगड. महसूल दप्तरात झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या जमिनी वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला दिला. ज्या शेताची एक बाजू झुडपी जंगलाला लागून आहे, तिथे हद्द मोजून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. मालकाने वर्षानुवर्षे पुढे सरकवलेला धुरा तुमच्या खरेदीत येत नाही. भांडण मात्र येते.
- मोजणी : भूमी अभिलेखची ‘क’ प्रत आणि हद्दीच्या खुणा. ताबा घेताना खुणांवर उभे राहून फोटो काढा.

जमीन डोंगरउताराची, खडकाळ, चोपण किंवा नदीनाल्याच्या पात्रातली असेल, किंवा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल, तर समितीला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वैनगंगेच्या काठची गाळाची जमीन मे महिन्यात सोन्यासारखी दिसते. पुराची खूण शेजारच्या झाडावर कुठवर आहे, ते गावातल्या म्हाताऱ्याला विचारा.

कोणत्या अटी कायम राहतात?

खरेदीनंतर तुम्ही करारनामा लिहून देता. तो ऐकून नका घेऊ, वाचून घ्या. त्याचा गाभा असा :

- जमीन विकता, बक्षीस देता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.
- ती भाडेपट्ट्याने देता येत नाही. आपल्याकडचा ठेका आणि बटई यातच आले. ‘दोन वर्षं ठेक्याने देतो, मग स्वतः करतो’ हा तोंडी व्यवहारही अटीचा भंग आहे.
- जमीन स्वतः कसली पाहिजे.

अटी मोडल्या तर जमीन परत घेतली जाऊ शकते. अडचणीच्या वर्षी सावकाराकडे सातबारा ठेवून पैसे उचलणे हा तिथे पोचण्याचा सर्वांत सरळ रस्ता आहे. गहाणाची गरजही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. पीककर्जासाठी हाच आकडा सांगा.

दोघांच्या नावे जमीन याचा अर्थ दोघांच्या सह्या आणि दोघांचा हक्क. बायकोचे नाव ‘नंतर चढवू’ असे कुणी म्हटले तर थांबा. खरेदीखतात नाव असेल तरच फेरफारात येते.

जमीन मिळाली. पहिल्या वर्षी काय कराल?

राखणे हे मिळवण्याइतकेच कामाचे आहे, आणि त्यालाही अनुदाने आहेत. क्रम मात्र चुकवू नका.

1. फेरफार. खरेदीखत नोंदल्यावर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद येते. हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. त्यानंतर नोंद मंजूर झाली का, ते स्वतः पाहा. नोंद रद्द झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.
2. आठ-अ आणि शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रिस्टॅकचा हा क्रमांक आता कृषी योजनांना लागतो.
3. ई-पीक पाहणी. पहिल्याच हंगामात करा. स्वतः कसल्याचा तो पुरावा आहे. आधारभूत केंद्रावर धान विकतानाही स्वतःच्या सातबाऱ्यावरची पिकाची नोंद कामाला येते.
4. धुरे. पहिल्या पावसाआधी फुटलेले धुरे बांधा, त्यावर गवत राखा आणि तूर टोबा. बांधबंदिस्ती, सपाटीकरण, शेततळे यांसारखी कामे रोजगार हमीतून अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात घेता येतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव घालायला सांगा.
5. माती. सिहार, खरडी किंवा बर्डी असेल तर तलावातला गाळ टाका. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मध्ये अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५ हजार आणि अडीच एकरांपर्यंत एकूण ३७,५०० रुपये मिळतात. कन्हारीत गाळ ओतून काही साधत नाही. आधी माती तपासून घ्या.
6. पाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, इनवेल बोअरिंग, पंप, वीजजोडणी, ठिबक किंवा तुषार संच यांना अनुदान आहे. नव्या विहिरीसाठी अट किमान ०.४० हेक्टरची, म्हणजे सुमारे एक एकराची. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पाठपुरावा पंचायत समितीच्या कृषी विभागात. गायकवाड योजनेच्या लाभार्थ्यांना यात प्राधान्य आहे. जमीनवाटपाचा आदेश अर्जाला जोडा आणि हे वाक्य तोंडीही सांगा.

दोन चुका टाळा. पूर्वसंमती किंवा कार्यारंभ आदेश हातात येण्याआधी विहीर खोदू नका, संच विकत घेऊ नका. आधी केलेल्या कामाचे अनुदान मिळत नाही. दुसरे, पीएम-किसानच्या सहा हजारांवर हिशेब बांधू नका. त्या योजनेत जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ आहे. त्यानंतर खरेदीने आलेल्या जमिनीवर तो लाभ मिळत नाही.

काम अडले तर

- दाखला मिळत नाही : भूमिहीन, उत्पन्न, जात हे दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत मिळायला हवेत. मुदत टळली की पहिले अपील, मग दुसरे, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग.
- अर्जाचे काय झाले कळत नाही : माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. फी १० रुपये असते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ. मोघम विचारू नका. हे चार प्रश्न पुरतात : माझ्या गावच्या पात्र अर्जदारांची यादी, या वर्षी गावातून आलेले जमीन विक्रीचे प्रस्ताव, नाकारलेल्या प्रस्तावांची कारणे, चिठ्ठ्या काढल्याच्या सभेचे इतिवृत्त.
- कुणी पैसे मागितले : लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक. पैसे देण्याआधी फोन करा, दिल्यानंतर नव्हे.
- वर कोणी ऐकत नाही : महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. आवक क्रमांकाची ती प्रत बरोबर न्या.

जमीन विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी काहींची मुले शहरात गेली आहेत आणि शेत ठेक्यावर आहे. समितीला जमीन द्यायची असेल तर बोजा उतरवा, वारस नोंदी पूर्ण करा, सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि मोजणी करून ठेवा. व्यवहार चेकने, दर उघड आणि ताबा स्पष्ट. नको असलेली कोपऱ्यातली खरडी सरकारच्या गळ्यात बांधायचा विचार मात्र करू नका. ती सरकारच्या नाही, तुमच्याच गावातल्या मजुराच्या गळ्यात पडते, आणि पुढच्या आषाढात तो तिच्या फुटक्या धुऱ्यावर उभा असलेला तुम्हाला रोज दिसेल.

सही करण्याआधी पाच प्रश्न

1. लागवडीचे क्षेत्र पोटखराब वजा जाता किती?
2. पाणी कुठून येते, आणि ते कोणत्या कागदावर लिहिले आहे?
3. बैलबंडी रोवणीनंतरही आत जाते का?
4. खरेदीखतात आम्हा दोघांची नावे आहेत का?
5. हेच शेत ठेक्याने घ्यायचे असते, तर मी घेतले असते का?

पाचवा प्रश्न कुठल्याही शासन निर्णयात नाही. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडवलेल्या माणसाला त्याचे उत्तर धुऱ्यावर उभ्या उभ्याच येते. ते ‘नाही’ असेल तर नकार लेखी द्या आणि पुढच्या प्रस्तावाची वाट पाहा. ‘हो’ असेल तर पहिल्याच पावसाळ्यात पऱ्हे टाकायच्या तयारीला लागा.